कडेकर कुलमंडळाची दुसरी जत्रा

डोंगरकडा
ता. १८ जानेवारी १९३७

गं. भा. गोजरबाई वहिनी यांस,

व्यंकटराव कडेकर, चिटणीस, श्री कडेकर देशमुख कुलमंडळ, यांचा नमस्कार पोचावा. आपली व चि. आशाची खुशाली कळवावी. इकडे सर्व ठीक असून कुलकार्याचा व्याप मात्र माझ्या एकट्याच्या खांद्यावर आहे.

मंडळाचा दुसरा वार्षिक मेळावा येत्या चैत्र पाडव्यास डोंगरकडा येथे भरेल. गेल्या वर्षी अकराच माणसे आली व त्यांतील चार जण हरवलेल्या बैलाचा तपास करीत आले होते, असे आपण शिरडला लोकांना सांगत असता हे माझ्या कानावर आले आहे. ते खोटे आहे. तीनच होते.

यंदा 'सभा' या शब्दास सरकारी कचेरीतून इजाजत मिळाली नाही. सभा म्हटले की तेथे शंका घेतात. शेवटी अर्जात मी 'जत्रा' असे लिहिले व आठव्या दिवशी मंजुरी आली. आता मंजुरी जत्रेची असल्याने जत्रा दिसलीही पाहिजे, कारण पाहणीस शिपाई येणार आहे. तेव्हा फुटाण्याची दुकाने, बांगडीवाले, एक लाकडी पाळणा व काही करमणूक ठेवावी लागेल. मधल्या वेळात वार्षिक अहवाल वाचून घेऊ.

मूळपुरुष श्रीमंत रायभानजी यांचे मोठे चित्र हिंगोलीच्या रंगाऱ्याकडून करवून घेत आहे. रायभानजी राजपुतान्यातून पांढऱ्या घोड्यावर आले हे आपण जाणताच. त्यांच्या चेहऱ्याचा नमुना कोठे न मिळाल्याने रंगाऱ्यास माझा फोटो दिला आहे.

आता मुख्य मुद्दा. कुलवृत्तांत पाडव्यानंतर छापण्यास जाईल. आपली शिरडची शाखा त्यात कोठे घालावी यावर समितीने बराच विचार केला. (समितीत मी आहे.) कै. उत्तमदादांच्या आजोबांनी नीलाबाई नावाच्या विधवेशी पाट लावला व म्हणूनच ते डोंगरकडा सोडून शिरडला गेले, ही गोष्ट जगजाहीर आहे. पाटाची संतती वंशवृक्षात घेता येत नाही. आपली शाखा पुस्तकाच्या शेवटी 'शंकित शाखा' या मथळ्याखाली येईल. राग नसावा.

गेल्या वर्षी आपल्या हातच्या पुरणपोळ्या सर्वांना फार आवडल्या. यंदा चारशे लागतील.

आपला
व्यं. रा. कडेकर, चिटणीस

*

शिरड
पौषाची पुनव

व्यंकटराव भावजींना गोजरबाईचा नमस्कार.

कागद मिळाला. दोनदा वाचला. माझ्या बापानं मला धूळपाटीवर अक्षरं शिकवली तवा गावातले लोक म्हणाले होते, बाईच्या जातीला काहून शिकवता, पुढं तकलीफ होईल. बराबर म्हणाले होते. अक्षरं येत नसती तर तुमचा कागद वाचायची पाळी आली नसती.

शाखा शंकित अन् पोळ्या चारशे. भावजी, पाटाच्या घरच्या पोळ्या तुमच्या वंशवृक्षाला चालतात का, हे बी एकदा समितीला इचारून घ्या. समिती आरशात दिसंल.

नीलाबाईनं पाट लावला, चोरी न्हाई केली. आमचे आजेसासरे तिला चार माणसांच्या समोर घरात घेऊन आले अन् तुमच्या घरच्यांनी त्यांची भांडी येगळी केली तवा डोक्यावर बोचकं घेऊन शिरडला आले. ह्याच्यात शंका घ्यायला जागा कुठं हाये? सगळं उजेडात झालेलं हाये.

तरी मी तुमच्याशी भांडत न्हाई, कारण माझी गरज हाये अन् ती तुमाला म्हाईत हाये. आशाला सतरावं लागलं. सेनगावच्या संतराम पाटलानं आपल्या थोरल्या पोरासाठी पोरगी पाहिली, पसंत केली. सुपारी फुटायची बाकी होती. तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या कानात घातलं की कडेकरांचं बूक निघून राहिलं, त्यात ज्याचं नाव तोच खरा देशमुख. आता म्हणतात, पाडव्यानंतर बुकाचं पान दाखवा अन् मग बोलू. बाप नसलेल्या पोरीला दुसरं असं ठिकाण मी कुठून आणू?

पोरींची नावं तुमी लिहीतच न्हाई, तवा आशाचं नाव घालू नका. तिच्या बापाचं घाला. उत्तमराव हे कडेकर होते, एवढी एक ओळ. तुमी त्यांच्या ताटात जेवलेले हायेत.

पोळ्यांचं मग बघू.

गोजरबाई

*

डोंगरकडा
ता. १२ फेब्रुवारी १९३७

गं. भा. गोजरबाई वहिनी यांस नमस्कार.

आपले पत्र वाचून मनास वाईट वाटले. उत्तमदादांविषयी माझ्या मनात आदर आहेच. परंतु चिटणिसाला मन नसते, नियम असतो. एका शाखेस सूट दिली तर उद्या कोणीही उठून कडेकर म्हणवील.

पुराव्यासाठी राजपुतान्यातील एका भाटास तीन पत्रे घातली. आपल्या घराण्याच्या पिढ्या त्याच्या वहीत असतील अशी खात्री होती. त्याचे उत्तर आले की, वहीत कडेकर सापडत नाहीत, परंतु सांगाल तसे लिहून देतो. असा माणूस आपल्या उपयोगाचा नाही. म्हणजे तसा होता, पण फार लांब आहे. त्यामुळे मेळाव्यात पिढ्या कोण वाचणार ही अडचण उभी राहिली आहे.

एक आनंदाची बातमी. मेळाव्याचे अध्यक्षपद सेनगावचे संतरामजी पाटील यांनी स्वीकारले आहे. त्यासंबंधी बोलण्यास ते दोन दिवस आमच्याकडे मुक्कामास होते. फार थोर मनाचा माणूस. आमच्या चि. सुमनच्या हातचे धपाटे त्यांना विशेष आवडले. आशाच्या गोष्टीविषयी त्यांनी आपण होऊन काही विचारले नाही आणि मीही उगाच विषय काढला नाही.

पोळ्यांचे काय ते कळवावे.

व्यं. रा. कडेकर, चिटणीस

*

शिरड
शिवरात्र होऊन तिसरा दिस

व्यंकटराव भावजी,

औंढ्याच्या जत्रेला गेले होते. नागनाथाच्या दर्शनाला बायांची ही रांग. त्या रांगेत माझ्या पुढं कोण उभं असावं? संतराम पाटलाची बायको. मला पाहून ती बाई अशी चपापली की हातातला बेल खाली पडला. भोळी हाये बिचारी, पोटात काही राहत न्हाई. रांग सरकंपर्यंत तिनं सगळं सांगून टाकलं. तुमी सुमनची पत्रिका सेनगावला पाठवली. तुमीच त्यांना सांगितलं की शिरडची पोरगी पाटाच्या घरची, तिचं नाव बुकाच्या शेवटी शंकितात येणार, घाई करू नका. अन् मग धपाटे वाढले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवाच्या दारात उभी होते म्हणून तोंड आवरलं. माझ्या लेकीचं ताट ओढून तुमी तुमच्या लेकीपुढं सरकवलं अन् वर मलाच लिहिता की चिटणिसाला मन नसतं. खरं लिहिलं. सुमनला मी काही बोलत न्हाई. ती पोरगी माझ्या मांडीवर खेळलेली हाये अन् तिला ह्यातलं काही म्हाईत बी नसंल.

घरी आले, दोन दिस अन्न गोड लागलं न्हाई. मग मनाला म्हणलं, गोजरे, तू एकटी बाई, तुझ्यामागं कोण हाये? आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येईल? तुमचं बूक, तुमची जत्रा, तुमचा अध्यक्ष. तवा आता मी भांडण सोडलं.

उलट तुमची एक अडचण दूर करते. भाट पाहायला राजपुतान्यात काहून जाता? तुमच्या शिवारात बाबूसिंग नाईकाचा तांडा हाये. त्या तांड्यात पेमा ढाडी हाये. ढाडी म्हणजे लमाणांचे पिढ्या गाणारे, वही बिही न्हाई, बापाकडून लेकाकडं नुसतं गाणं. जुने लमाण ज्या ज्या घरी उतरायचे त्या घरांच्या पिढ्या बी ते गातात. कडेकरांचं गाणं त्याच्याकडं हाये, हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. तुमच्या वडलांच्या आधी ढाडी तुमच्या दारात दर वर्साला येत होते. करमणूक बी होईल, पुरावा बी होईल, शिपाई बी खुश होईल.

पोळ्या करते. पुरण इथंच वाटून आणीन.

गोजरबाई

*

डोंगरकडा
ता. २४ मार्च १९३७

गं. भा. गोजरबाई वहिनी यांस नमस्कार.

आपल्या पत्रातील पहिला भाग मी वाचला नाही असे समजतो. दुसरा भाग वाचून आपल्या समजूतदारपणाचे कौतुक वाटले. घरच्या मोठ्या माणसाने असेच वागावे.

मी स्वतः तांड्यावर गेलो. बाबूसिंग नाईक सभ्य गृहस्थ निघाला. पेमा ढाडी साठीचा असेल. मी त्याला सरळ विचारले, कडेकरांचे गाणे येते का? म्हणाला, येते. रायभानजींचे नाव आहे का? आहे. ते कोठून आले? त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, मारवाडातून. वहिनी, माझ्या अंगावर काटा आला. मारवाड म्हणजे राजपुतानाच. जे त्या वहीवाल्या भाटाला सापडले नाही ते एका निरक्षर ढाड्याला तोंडपाठ!

गाणे आधी एकदा ऐकवावे असे मी म्हटले, पण त्यांची रीत अशी की एकट्या माणसापुढे ते गात नाहीत. सगळे कूळ समोर बसले पाहिजे, मगच गाणे. मी म्हटले, उत्तम, मीही सगळे कूळच बसवतो आहे. एखादे कडवे वाढवून म्हणशील का, असेही सुचवून पाहिले. त्यावर तो हसला. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला आहे.

त्याला बसण्यासाठी रायभानजींच्या चित्राच्या बरोबर खाली जागा केली आहे. अध्यक्ष संतरामजी समोरच्या खुर्चीवर बसतील. आपण पहिल्या रांगेत यावे. बायकांसाठी पडदा बांधला आहे, त्यामागे पहिली रांग.

व्यं. रा. कडेकर, चिटणीस

*

शिरड
आमुशेचा आदला दिस

भावजी,

गुडघे धरले हायेत, मला बैलगाडी सोसायची न्हाई. पोळ्या चारशे दहा. दहा तुटलेल्या हायेत, त्या समितीला द्या. आशा अन् शेजारची भिकाबाई घेऊन येतील. आशाला उन्हात उभी करू नका.

गाणं मन लावून ऐका.

गोजरबाई

*

डोंगरकडा
ता. १५ एप्रिल १९३७

गं. भा. गोजरबाई वहिनी यांस नमस्कार.

मेळावा अपेक्षेप्रमाणे पार पडला. उपस्थिती समाधानकारक होती. वार्षिक अहवाल वेळेअभावी वाचता आला नाही. गायनाचा कार्यक्रम काही कारणाने आवरता घ्यावा लागला. पोळ्या छान झाल्या होत्या.

आशा सुखरूप पोचली असेलच. तिने काही सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये, लहान आहे.

व्यं. रा. कडेकर

*

शिरड
पाडवा होऊन आठवडा झाला

व्यंकटराव भावजी,

तुमचं पत्र म्हणजे गाव जळून गेल्यावर 'आज जरा ऊन होतं' म्हणल्यासारखं हाये. उन्हात तुमची याददाश्त गेली असंल, म्हणून मीच तुमाला सांगते तुमच्या जत्रेत काय झालं ते. आशानं सांगितलं, भिकाबाईनं सांगितलं, अन् बाबूसिंग नाईक काल इकडून जात होता, त्यानं बी सांगितलं. तिघांचं बराबर जुळतं.

माणसं तीनशेच्या वर होती. त्यातले कडेकर किती अन् पाळण्यात बसायला आलेले किती, ते देव जाणे. कचेरीचा शिपाई फुटाणे खात कंटाळून बसला होता. तुमी फेटा बांधून उभे होते, मागं तुमच्याच तोंडाचे रायभानजी घोड्यावर बसलेले. घोड्याचे पाय रंगाऱ्याला नीट जमले न्हाई, असं आशा म्हणते. खुर्चीवर संतराम पाटील, बाजूला त्यांचा थोरला पोरगा.

पेमानं चित्राखाली घोंगडी टाकली, सारंगी लावली अन् गायला लागला. तो लमाणीत गायचा, अन् कडवं झालं की बाबूसिंग उभा राहून मराठीत सांगे, म्हणजे कोणाची समजण्यात कसर राहू नये. पहिलं कडवं मारवाडाचं. तुमी सगळ्यांकडं पाहून मान हलवली. दुसरं कडवं मोठ्या दुष्काळाचं. वसराम नाईकाचा तांडा मारवाडातून मीठ घेऊन निघाला, तीनशे बैल. वाटंत एका कोरड्या हिरीपाशी एक बाई मरून पडलेली, अन् तिच्यापाशी दोन वर्सांचं पोरगं रडून राहिलेलं. वसरामनं ते पोरगं उचललं. जात इचारायला कोणी जितं नव्हतं. त्याला मिठाच्या गोणीवर बसवलं, पडू नये म्हणून दोरीनं बांधलं, अन् बैलाच्या पाठीवर डोलत डोलत ते पोरगं डोंगरकड्याला आलं. इथल्या देशमुखाला लेकरू नव्हतं. त्यानं पोरगं मागून घेतलं, रायभान नाव ठेवलं.

मीठ खाऊन खाऊन त्या पोराला तहान लई लागायची, असं बी गाण्यात हाये. म्हणून त्यानं मोठेपणी तांड्याला हीर बांधून दिली.

म्हणजे मूळपुरुष राजपुतान्यातून आले हे तुमचं म्हणणं खरं निघालं भावजी. नुसता घोडा तेवढा तुमचा.

तुमी मधीच उठून म्हणाले, "बस झालं, ह्याला बिदागी द्या." पण शिपाई तवर पुढं सरकून बसला होता. तो म्हणाला, "ठहरो, बहुत खूब, पूरा होने दो." जत्रेची इजाजत तुमीच काढलेली, आता करमणूक बंद कशी करणार? तुमी खाली बसले.

मग पिढ्या सुरू झाल्या. तुमचे आजोबा जैतोजीपर्यंत आल्या अन् पेमानं तुमची वाट सोडून दिली. तो शिरडकडं वळला. नीलाबाईचं नाव आलं. दुष्काळात तिनं तांड्याच्या बैलांना स्वतःच्या छपराचं गवत काढून घातलं म्हणून तिचं एक अख्खं कडवं हाये. मग सासरे, मग उत्तमराव, मग मी, अन् मग आशा. तिचं नाव आलं तवा पडद्यामागच्या सगळ्या बाया तिच्याकडं वळल्या अन् माझ्या लेकीला कुठं पाहावं ते कळंना. सुमन तिच्या शेजारीच बसली होती. तिनं आशाचा हात धरला म्हणे.

तुमी भर मांडवात इचारलं, "माझं नाव कुठं हाये?" तुमी इचारायला नको होतं. बाबूसिंगनं सांगितलं, "देशमुख, तुमच्या वडलांनी पेमाच्या बापाला दारातून हाकललं. ज्या दारातून ढाडी रिकामा गेला, तिथून पुढं गाणं न्हाई."

आता माझा गुन्हा सांगते, लपवून ठेवायची माझी सवय न्हाई. मला सगळं म्हाईत होतं. बावीस वर्सं झाली, दर वर्साला पेमा आमच्या दारात येतो, आमी सगळे बसतो, एक मुंडासं अन् पायलीभर जवारी देतो, अन् हेच गाणं ऐकतो. तुमी माझ्या लेकीची सोयरीक मोडली नसती तर मी तुमाला त्याचा पत्ता दिला नसता. शप्पथ घेऊन सांगते, दिला नसता.

गोजरबाई

*

डोंगरकडा
ता. २८ एप्रिल १९३७

गोजरवहिनी,

आज चिटणीस म्हणून लिहीत न्हाई. मंडळ संपल्यात जमा आहे. ज्यांनी सभासद व्हायला माझ्यामागं तगादा लावला होता तेच आता म्हणतात, आमी कडेकर न्हाईच, आमचं मूळ गाव दुसरं. चित्र उतरवून गोठ्यात ठेवलं. गावात मला कोणी नाव घेऊन बोलवत न्हाई. पाठीमागं 'गोणीवाले' म्हणतात. परवा तर तोंडावर म्हणले.

माझ्या वडलांनी त्या ढाड्याला काहून हाकललं ते आता मला कळतंय. त्यांना गाणं म्हाईत असणार. त्यांनी मला घोड्याचं सांगितलं अन् मी तेच खरं धरून बसलो. हे मी कोणाला सांगू?

सेनगावहून सुमनची पत्रिका परत आली. सोबत चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. पोरगी चार दिवस धड जेवली न्हाई. तिनं मला एकच गोष्ट इचारली, "बाबा, आशाबाईचं नाव होतं, माझं कसं न्हाई?"

मी तीन वेळा तांड्यावर गेलो. पेमा बाज टाकतो, पाणी देतो, घरच्यांची खुशाली इचारतो. गाण्याचं काढलं की सारंगी पुसत बसतो. तो तुमचं ऐकंल. तुमी त्याला सांगा. मी उत्तमदादाचं नाव वंशवृक्षात पहिल्या पानावर घालतो, तुमचं बी घालतो, आशाचं बी. बूक छापायचं थांबवलंय, तुमी म्हणाल तसं छापतो.

मी तुमच्याशी वाईट वागलो. आशाची सोयरीक मीच मोडली, व्हय. माझं जाऊ द्या. पण सुमनचं नाव कुठंतरी असू द्या.

व्यंकट

*

शिरड
आखितीला चार दिस राहिले

व्यंकटराव भावजी,

तुमी पहिल्यांदाच माणसासारखं पत्र लिहिलं. पहिल्यांदाच मला एका दमात वाचता आलं.

आधी आमची खबर. संतराम पाटील मागल्या आठवड्यात आपण होऊन आमच्या दारात आले. पायरीवर बसून बराच वेळ पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. मग म्हणाले, ज्या घरच्या पोरीचं नाव तीनशे माणसांत गायलं गेलं त्या घरचं पान कशाला पाहायचं? मी म्हणलं, पाटील, पौषात तुमाला पान पाहिजे होतं, मधी धपाटे पाहिजे होते, आता गाणं पाहिजे, उद्या काय पाहिजे असंल? भिकाबाईनं मला खरी गोम नंतर सांगितली. जत्रा उठल्यावर त्यांनी पेमाला गाड्यांच्या आडोशाला नेऊन हळूच इचारलं होतं, सेनगावच्या पाटलांचं गाणं हाये का? पेमा म्हणाला, हाये. पण सगळे बसल्याबिगर गात न्हाई. तवापासून पाटलाची झोप उडाली हाये. कुळाचा विषय निघाला की ते उठून बैलाला पाणी दाखवायला जातात. असा सासरा माझ्या लेकीला पाटाचं काढून कधी टोमणा मारणार न्हाई, मारायची त्याची हिंमत न्हाई.

तरी मी हो म्हणायच्या आधी आशाला इचारलं. म्हणलं, पोरगा कसा वाटला? ती म्हणाली, "मिठाच्या गोणीचं आलं तवा सगळे हसले. तो हसला न्हाई." मला तेवढं बास झालं. लगीन आखितीला हाये. संतराम पाटलाची एकच अट होती की पेमाला बोलावू नका. मी म्हणलं, पहिलं आवतण त्यालाच गेलंय.

तुमच्या बुकात आमचं नाव घालू नका, पहिल्या पानावर न्हाई अन् शेवटल्या बी न्हाई. मी रागानं म्हणत न्हाई. त्यात आमी नसलो तर कोणाचं काही अडत न्हाई, हे मला आता कळलं, अन् हे कळायला माझी चार महिन्यांची झोप गेली.

आता सुमनचं. तुमच्यासाठी मी तांड्यावर गेले नसते, तिच्यासाठी गेले. गुडघे खरंच दुखतात, तवा खोटं लिहिलं होतं, आता खरं दुखून राहिले. पेमाला म्हणलं, बाबा, आजोबानं हाकललं, बापानं लपवाछपवी केली, पण पोरीचा काय गुन्हा? तिनं भर मांडवात माझ्या लेकीचा हात धरला. त्यानं सारंगी खाली ठेवली. मग म्हणाला, अख्खं घर उंबऱ्याबाहेर भुईवर बसलं पाहिजे अन् पोरीनं स्वतःच्या हातानं मुंडासं दिलं पाहिजे, मग तिच्यापासून गाणं सुरू करता येतं. उद्या तिच्या सासरच्या दारात बी तो जाईल, तिच्या लेकरांची नावं बी गाईल.

पण मधलं त्याला रचता येत न्हाई. जे गाणं त्याच्या बापानं दिलं न्हाई ते तो कुठून आणणार? जैतोजी म्हणून झालं की दोन पिढ्या तो नुसती सारंगी वाजवील, तोंड उघडणार न्हाई, अन् मग सुमनचं नाव घेईल. तुमच्या वडलांच्या अन् तुमच्या जागी नुसती सारंगी. मी इचारलं, काही करता येईल का? म्हणाला, न्हाई. मी पुन्हा इचारलं न्हाई.

तो बुधवारी सकाळी तुमच्या दारात येईल. सगळ्यांना घेऊन बाहेर भुईवर बसा, खुर्ची टाकू नका. सुमनला माझ्याकडचं हिरवं लुगडं पाठवते, ते नेसू द्या. तुमी काय घालायचं ते तुमचं तुमी बघा, त्या दिवशी तुमच्याकडं कोणी पाहणार न्हाई.

गोजरबाई